मैदानावर घड्याळ लावलं तेव्हा

एप्रिलच्या सुरुवातीला दोन माणसं शिडी घेऊन आली आणि त्यांनी फलंदाज उभा राहतो त्या प्लेटच्या मागच्या भिंतीवर घड्याळ बसवलं. दुसरं मैदानाच्या पार टोकाला, फलंदाजाला दिसेल असं. वेळ सांगणारं घड्याळ नव्हतं ते. मोठाले लाल आकडे पंधरापासून उलटे उतरत शून्यावर येऊन थांबायचे. आम्ही हातातली कामं सोडून बघत उभे राहिलो. केल्डर गावच्या मैदानावर तोवर बेसबॉलच्या खेळासाठी म्हणून कसलंच घड्याळ नव्हतं. शेवटचा गडी बाद होईपर्यंत खेळायचं, हे माझ्या मायदेशी, आमच्या बेटावर, उसाच्या फडाकडेला काठीनं खेळणाऱ्या पोरांनाही ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी लीगच्या कचेरीतून मिसेस प्रॉक्टर नावाच्या बाई आल्या. त्यांनी आम्हाला कपडे बदलायच्या खोलीत बसवलं आणि समजावून सांगितलं. सामने फार लांबतात, लोक नवांतल्या सातव्या डावातच उठून जातात, टीव्हीवाले कुरकुरतात. वरच्या लीगचे मालक नियम बदलायच्या विचारात आहेत. पण तिकडे लावण्याआधी ते आमच्यासारख्या लहान संघांवर करून बघणार, आणि उन्हाळा संपला की मत देणार. घड्याळ शून्यावर यायच्या आत पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यानं, चेंडू टाकायचा. नाही टाकला, तर एक वाईट चेंडू त्याच्या नावावर. फलंदाजानं वेळेत तयार उभं राहायचं. नाही राहिला, तर एक स्ट्राइक त्याच्या नावावर, आणि तीन स्ट्राइक झाल्या की तो बाद. फलंदाजाला एका पाळीत एकदाच हात वर करून थांबा म्हणता येईल. बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यावर, उभ्या गड्याला धाक दाखवायला पिचरनं दोनदाच तिकडे चेंडू फेकायचा. आणि कोचनं उठसूट पिचरजवळ गप्पा मारायला जायचं नाही. एका डावात एकदा. दुसऱ्यांदा गेलात, तर पिचरला घेऊनच परत यायचं.

पोरं हसत होती. एकानं विचारलं, नाक शिंकरायला किती सेकंद? दुसरा म्हणाला, आपल्या शॉर्टस्टॉपच्या जागी खेळणाऱ्याच्या बायकोलाही एक घड्याळ द्या, फोनवर लावायला. बिअर विकणारी म्हातारी दारातून ऐकत होती. सामने आखडले तर लोक तहानलेले घरी जातील, त्याचं काय, असं तिनं बाईंना तोंडावर विचारलं. बाईही हसल्या.

आमचा पिचर अनिबाल मोरेटा हसला नाही. तो माझ्या समोरच बसला होता. त्यानं पाण्याची बाटली तोंडाला लावली, मान मागे केली आणि तसाच राहिला. बाटलीचं झाकण त्यानं काढलंच नव्हतं.

मी तेव्हा त्या संघात पिचरांचा कोच होतो. नाव एलेउतेरियो, पण सगळे तेयो म्हणत. अनिबाल माझ्याच मुलखातला, साखर कारखान्यापलीकडच्या वस्तीतला. चोवीस वर्षांचा, ताडमाड, आणि त्याचा चेंडू इतका जलद की प्लेटमागे बसून चेंडू झेलणाऱ्या आमच्या कॅचरच्या तळहाताला सूज असायची. तो आणि मी एकाच भाड्याच्या घरात राहायचो. सकाळी मी केळी उकडून कुस्करायचो, तो सलामीच्या, म्हणजे मसालेदार मांसाच्या, चकत्या तळायचा.

आदल्या वर्षी दुसऱ्या संघात असताना त्याच्या हातून एक गोष्ट घडली होती. त्याचा चेंडू ग्रेडी लासिटर नावाच्या फलंदाजाला हेल्मेटच्या खाली, गालाच्या वर लागला. ग्रेडीचा डावा डोळा गेला. मुद्दाम मारलेला नव्हता, चेंडू निसटला होता, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. त्याबद्दल कुणी अनिबालला विचारत नसे, तोही बोलत नसे. तो फक्त संथ झाला होता. प्रत्येक चेंडूआधी प्लेटकडे पाठ करायचा, माती उचलायचा, चेंडू तळहातात चोळायचा, मग वळून फलंदाजाकडे बघत राहायचा. बघतच राहायचा. प्रेक्षक आरडाओरडा करायचे, कुणी मुद्दाम घोरायचे. मला वाटायचं, सावध झालाय पोरगा, बरंच आहे.

घड्याळ लागलं त्या आठवड्यात, एका दुपारी, तव्यावर सलामी करपत असताना त्यानं मला खरं सांगितलं. गॅस बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही.

"म्हातारबा, मी वळलो ना, की तिथं तो उभा असतो."

"कोण?"

"ग्रेडी. फलंदाज कुणीही असो. हेल्मेटच्या खाली त्याचाच चेहरा असतो, तो पडला तेव्हा होता तसा. मी बघत राहतो. मग हळूहळू तो जातो आणि खरा माणूस दिसायला लागतो. तेव्हाच मी टाकतो."

किती वेळ लागतो, असं मी विचारलं. कधी पटकन जातो, कधी जातच नाही, मग मी उगाच पहिल्या बेसकडे चेंडू फेकत बसतो, असं तो म्हणाला. मला भीती वाटली. कारण पिचर जिथं बघतो तिथं चेंडू जातो. हे आम्ही पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. कॅचरच्या ग्लव्हकडे बघ, ग्लव्हमध्ये जाईल. जमिनीकडे बघशील, तर जमिनीत जाईल. आणि हा चेहऱ्याकडे बघत होता.

मी म्हणालो, आपण मॅनेजरला सांगू, कोबर्न वाईट माणूस नाही. त्यानं माझं मनगट धरलं. कोबर्नला कळलं की त्याच संध्याकाळी त्याला काढून टाकतील, काम गेलं की व्हिसा गेला, आणि घरी त्याच्या एकट्याच्या हातावर सगळं घर उभं होतं. "मी कुणाला लागू देणार नाही," तो म्हणाला. "तो चेहरा असेपर्यंत मी चेंडू सोडणारच नाही. आईची शपथ."

त्यानं शपथ पाळली, आणि तिथूनच अडचण सुरू झाली. पहिल्याच सामन्यात तो माती उचलून वळला, बघत उभा राहिला, आणि घड्याळ शून्यावर आलं. पंचानं बोट दाखवलं: एक वाईट चेंडू. पुन्हा तेच. चार वाईट चेंडू झाले की फलंदाज फुकट पहिल्या बेसवर जातो. अनिबालनं एकही चेंडू न टाकता माणूस बेसवर पाठवला. लोकांना आधी गंमत वाटली. मग त्यांना नवा खेळ सापडला. आकडे पाचावर आले की अख्खं मैदान एका सुरात ओरडायचं, "पाच, चार, तीन, दोन..." म्हातारे, बायका, मांडीवरची पोरं, सगळे. अनिबालच्या मानेच्या शिरा ताणलेल्या मला आमच्या बसायच्या डगआउटमधून दिसायच्या.

मी त्याची लक्षणं शिकलो. चेहरा समोर असला की तो पापणी हलवत नसे आणि ग्लव्ह मांडीवर आपटत राही. चेहरा गेला की खालचा ओठ चाटायचा. ओठ चाटलेला दिसला की मी बाकावर टेकायचो. कधी आकडे संपायच्या आत तसं व्हायचं, कधी नाही. जून महिना असा गेला.

जुलैत कोबर्ननं त्याला माझ्यासमोर बोलावलं. कोबर्न बोलताना आवाज चढवत नसे, त्यामुळे जास्त भीती वाटायची. तुझ्यासारखा हात मी दहा वर्षांत पाहिला नाही, तो म्हणाला, पण न टाकलेल्या चेंडूंवर मी सामने हरतोय. "यापुढे एकदा जरी घड्याळ संपू दिलंस, तर सामान बांध."

घराशी आल्यावर गाडीतून उतरताना अनिबाल म्हणाला, "आता टाकावाच लागणार, म्हातारबा."

तो रविवार होता, दुपारचा सामना. ऊन असं की प्लेटजवळची हवा हलत होती. टेक्सासकडचा संघ आला होता. शेवटचा डाव, आमची एका धावेची आघाडी, दोन गडी बाद, एकच राहिलेला. पण तिन्ही बेसवर त्यांची माणसं उभी. कोबर्ननं अनिबालला पाठवलं होतं, कारण दुसरा कुणी उरला नव्हता.

मी एकदा त्याच्याजवळ जाऊन आलो होतो. पिचर उभा राहतो त्या मातीच्या उंचवट्यावर उभं राहून मी ग्लव्हआड तोंड लपवून विचारलं, कसं आहे? त्याचे ओठ पांढरे पडले होते. "आज तो जातच नाही," तो म्हणाला. "मघापासून एकदाही गेला नाही." मी म्हणालो, बाहेर टाक, प्लेटच्या पार बाहेर. त्यानं मान हलवली. त्यानं पाच चेंडू तसेच लांब बाहेर टाकले; तीन वाईट ठरले, आणि दोनांवर फलंदाजानं उगाच बॅट फिरवली, म्हणजे दोन स्ट्राइक. आता हिशेब असा होता: आणखी एक वाईट चेंडू, तर फलंदाज चालत जाणार, तिसऱ्या बेसवरचा प्लेटवर येऊन धाव काढणार, बरोबरी. आणखी एक स्ट्राइक, तर सामना संपला. बाहेर टाकता येणार नव्हतं. घड्याळ संपू देता येणार नव्हतं. पहिल्या बेसकडे दोनदा फेकून झालं होतं. आणि मी एकदा जाऊन आलो होतो.

फलंदाज डॉयल हॅबरशॅम, पस्तिशीचा, मोडलेल्या नाकाचा, गालात तंबाखूचा गोळा. आयुष्यभर लहान लीगमध्येच राहिलेला. त्यानं हात वर करून थांबा म्हटलं, हातमोजे घट्ट केले, अनिबालकडे बघितलं आणि परत उभा राहिला. त्याचं थांबणं वापरून झालं.

घड्याळ सुरू झालं. अनिबाल वळला. पापणी हलत नव्हती. ग्लव्ह मांडीवर आपटत होता. मी डगआउटच्या पायरीवर चढलो. कोबर्ननं मागून माझा पट्टा धरला.

"मैदानाची रेषा ओलांडलीस की त्याला बाहेर काढावं लागेल, तेयो. माझ्याकडे दुसरा नाही."

"त्याला काढ," मी म्हणालो.

"का?"

मी तोंड उघडलं आणि त्याचा व्हिसा आठवला. लोक मोजायला लागले होते. अनिबालनं चेंडू ग्लव्हमध्ये घेतला, दोन्ही हात छातीशी आणले. तो टाकणार होता. आणि तो बघत होता तिथं ग्लव्ह नव्हता. तिथं डॉयल हॅबरशॅमचं डोकं होतं.

चार. तीन.

डॉयलनं बॅट खाली केली आणि तो फलंदाजाच्या चौकटीतून बाहेर पडला. सरळ, दोन ढांगा मागे, जसा माणूस रस्त्यावर साप बघून मागे होतो.

पंच क्षणभर गोंधळला. मग त्यानं डॉयलच्या नावावर स्ट्राइक दिली. तिसरी. गडी बाद, सामना संपला. चेंडू अनिबालच्या हातातच होता.

मैदानावर आधी शुकशुकाट, मग हशा. डॉयलच्या संघातले लोक हात पसरून त्याच्याकडे धावले. त्याचा मॅनेजर टोपी जमिनीवर आपटत होता. तीन बेसवर माणसं, एका धावेचं अंतर, आणि हा शहाणा झोपला. डॉयल नुसता मान हलवत होता, आकडे दिसलेच नाहीत, ऊन होतं, असं म्हणत होता. मिसेस प्रॉक्टर त्या दिवशी आल्या होत्या. जाताना त्यांनी कोबर्नशी हात मिळवला. एवढा आटोपशीर सामना त्यांनी या उन्हाळ्यात बघितला नव्हता. मालकांना हे ऐकून आनंद होईल, म्हणाल्या.

त्यांची बस सुटायच्या आधी डॉयल कुंपणापाशी आला आणि त्यानं अनिबालला बोटानं बोलावलं. अनिबालला त्याची भाषा थोडी यायची, पण त्या वेळी काही सुचत नव्हतं. मी मध्ये उभा राहिलो आणि इकडचं तिकडे सांगत राहिलो.

"मी पंधरा वर्षं लोकांचे चेंडू खाल्लेत," डॉयल म्हणाला. "पिचर माझ्याकडे कसा बघतो ते मला कळतं. तू माझ्याकडे बघतच नव्हतास. कोणाकडे बघत होतास?"

अनिबालनं ग्रेडीचं सगळं सांगितलं. मी ते इंग्रजीत सांगितलं.

डॉयल तंबाखू थुंकला. ग्रेडीला तो ओळखत होता. दोघं एक पूर्ण मोसम एका खोलीत राहिले होते. ग्रेडी घोरतो आणि पत्त्यांत लबाडी करतो, म्हणाला. "त्याला भेटायला गेलास कधी?"

"नाही."

"मग त्याचा चेहरा कसा आहे हे तुला काय ठाऊक?"

अनिबालनं माझ्याकडे बघितलं, जणू मी चुकीचं सांगितलं असावं. डॉयलनं ग्रेडी कुठं असतो ते सांगितलं, मिसुरीत, सासऱ्याच्या टायरच्या दुकानात. मग जाता जाता वळून म्हणाला, "पुढच्या वेळी मी बाहेर पडणार नाही हं. एवढ्यातच त्यांनी मला घरी बसवलं नाही तर नशीब."

सोमवारी सुट्टी होती. मी मिसुरीकडे गाडी चालवत होतो, अनिबाल खिडकीला डोकं टेकून बसला होता. दोनदा त्यानं मला गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याकडेला जाऊन ओकला. गाव आलं तेव्हा म्हणाला, परत फिरूया. मी फिरलो नाही. खरं सांगायचं तर मलाही फिरायचं होतं. ग्रेडी अंगावर आला तर काय, रडला तर काय, काहीच न बोलता आत निघून गेला तर काय.

ग्रेडी दुकानाबाहेर उकिडवा बसून टायर पाण्यात बुडवत होता. काळा चष्मा, वाढलेलं पोट. अनिबाल त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. ग्रेडीनं वर बघितलं आणि लगेच ओळखलं. उठला, हात पुसला आणि पुढे केला. हात अनिबालच्या हाताच्या बाजूनं निघून गेला, हवेतच. एका डोळ्यानं अंतर कळत नाही. अनिबालच्या तोंडून कसला तरी आवाज निघाला. ग्रेडीनं दुसऱ्यांदा हात शोधून धरला.

ग्रेडीनं बादल्यांसारखी दोन डबडी उलटी करून पुढे सरकवली आणि आम्ही बसलो. त्यानं घड्याळाबद्दल विचारलं. डॉयलचा फोन आला होता त्याला. डॉयलनं हसत हसत सामन्याचं आणि त्या चेहऱ्याचंही सांगितलं होतं. मग ग्रेडीनं चष्मा काढला.

"घे, बघून घे," तो म्हणाला. "त्यासाठीच आलास ना?"

अनिबालनं बघितलं. मला वाटलं होतं तो डोळे फिरवील. नाही फिरवले. डोळ्याच्या जागी काचेचा डोळा होता, जरा जास्तच निळा, आणि गालावर पांढरी रेघ. बाकी चेहरा उन्हात काम करणाऱ्या माणसाचा, दाढी वाढलेला, घामेजलेला, थोडा कंटाळलेला.

"एक सांगतो," ग्रेडी म्हणाला. "त्या दिवशी घड्याळबिड्याळ काही नव्हतं. पण मी तयार नव्हतो. डोळ्यात घाम गेला होता. हात वर करायचा होता, पण आधी दोनदा केला होता, पंच वैतागला होता, लोक ओरडत होते. लाज वाटली मला. चेंडू तुझ्या हातून निसटला, ते तुझं. मी उभा राहिलो, ते माझं. मी तुला सगळं माफ केलंय असं काही म्हणत नाही. सकाळी दाढी करताना मला शिव्याच येतात तोंडात. पण अर्धं माझं आहे, ते तू घेऊन फिरू नकोस."

मी ते भाषांतर करून सांगितलं. अनिबालनं मान खाली घातली आणि तशीच ठेवली. ग्रेडीनं पुन्हा टायर पाण्यात घातलं आणि बुडबुडे कुठून येतात ते बघू लागला. निघताना त्यानं आमच्या पुढच्या चाकाकडे बोट दाखवलं, हवा कमी आहे म्हणाला, आणि भरून दिली.

मंगळवारी सकाळी अनिबाल स्वतः कोबर्नच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. मी बाहेर उभा होतो. आवाज येत नव्हता. बऱ्याच वेळानं कोबर्ननं मला आत बोलावलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"तुला माहीत होतं?"

हो म्हणालो. तो अनिबालकडे वळला. "अजून दिसतो का?"

"माहीत नाही," अनिबाल म्हणाला. "समोर फलंदाज उभा राहिल्याशिवाय कळणार नाही."

"आणि दिसला तर?"

"चेंडू खाली ठेवीन आणि चालत तुमच्याकडे येईन. मग पाठवा घरी."

कोबर्न म्हणाला, सहाव्या डावात, बेस मोकळे असताना, एक फलंदाज. फक्त एक.

त्या संध्याकाळी सहाव्या डावात अनिबाल उंचवट्यावर गेला. समोरचा फलंदाज कोवळा होता, त्याच आठवड्यात आलेला, हेल्मेट त्याला थोडं मोठं होत होतं. लोकांनी अनिबालला ओळखलं आणि आधीच हसू लागले. घड्याळ लागलं. अनिबालनं माती उचलली, चेंडू चोळला, वळला. कोबर्न माझ्याशेजारी उभा होता; त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली. अनिबाल बघत होता. लोक मोजायला लागले, पाच, चार, आणि मला पुढचं बघवेना. मी डोळे मिटून घेतले आणि बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. तीन म्हणताना मैदानाचा आवाज मध्येच तुटला. मग कॅचरच्या ग्लव्हमध्ये चेंडू बसल्याचा खणखणीत आवाज आला, आणि पंच ओरडला, "स्ट्राइक!"